तिला विचारलं का?

आमच्या वारज्याच्या सोसायटीत कुणाला चक्कर आली तर पाच मिनिटांत दहाजणी गोळा होतात. एक पाणी आणते, एक साखर, एक पदरानं वारा घालते. पण तीच बाई ताठ होऊन जमिनीवर पडली, हातपाय झाडू लागली, तोंडाला फेस आला, की दहातल्या सातजणी मागं सरतात. उरलेल्या तिघींत एक कांदा फोडते, दुसरी चप्पल शोधते आणि तिसरी दातांत चमचा घालायला धावते. मैत्रिणींनो, यातलं काहीएक करू नका. आजूबाजूचं कठीण सामान बाजूला करा, डोक्याखाली काही मऊ द्या, झटका ओसरला की कुशीवर वळवा आणि मुख्य म्हणजे घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर सरळ दवाखाना गाठा. चमच्यानं दात तुटतात, जीभ वाचत नाही. कांद्यानं तर काहीच होत नाही. बहुतेक झटके आपोआपच थांबतात, आणि श्रेय मिळतं कांद्याला!

हे मी शिकले ते माझ्या धाकट्या जावेमुळं. ती या घरात आली ती गोळ्या लपवून. माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी तो राग पुष्कळ वर्षं धरला. त्यांचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण तुम्हीच सांगा, सांगितलं असतं तर लग्न जमलं असतं का? अहो, आपल्या हिंदू विवाह कायद्यातच १९७६ च्या दुरुस्तीपासून लग्नाच्या अटींमध्ये वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार येणारे झटके एकाच ओळीत बसवले होते. १९९९ साली अपस्मार हा शब्द त्यातून काढून टाकला. माझ्या जावेचं लग्न त्यानंतरचं. पण कायद्यातून शब्द गेला म्हणून स्थळं बघणाऱ्यांच्या मनातून थोडाच जातो!

तर गोळ्या पिठीसाखरेच्या डब्यामागं असायच्या. स्वयंपाकघरात कुणी असलं की ती वेळ हुकायची. पाहुणे असले की दिवसच हुकायचा. त्यात श्रावण आला, मंगळागौर आली. उपास, रात्रभर खेळ, जागरण आणि हुकलेली गोळी. पहाटे सगळ्यांच्या देखत तिला फिट आली. झोप मोडणं आणि गोळी चुकणं ही झटका ओढवून घेण्याची सगळ्यांत सोपी वाट, हे आम्हाला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर घरातल्यांनी तिच्या अंगात काय आलं याचा विचार करून झाला होता.

गोळ्या उघड्यावर आल्या, वेळेवर जाऊ लागल्या, तसे मोठे झटके कमी झाले. पण दुसरेच दिसू लागले. हातातलं काम थांबायचं, नजर एका जागी थिजायची, ओठ काही चघळल्यासारखे हलायचे, बोटं पदराशी चाळा करायची. मिनिटभरानं ती भानावर यायची आणि विचारायची, "ताई, दूध उतू गेलं का?" एकदा हात तव्यावर राहिला. वारजे माळवाडीच्या बसमध्ये एकदा असंच झालं आणि शेवटच्या स्टॉपला ती कुठं आहोत ते न कळून बसून राहिली. ही पण फीटच, बरं का. पडणं, फेस येणं असलंच पाहिजे असं नाही. मेंदूच्या एका कोपऱ्यात, बहुतेकदा कानशिलाच्या आतल्या बाजूला, विजेचा गोंधळ उडतो आणि तेवढ्यापुरतं माणूस हरवतं.

औषध बदललं. मग दोन झाली, मग तीन. दिवसभर पेंग आणि तरी महिन्याला चार-पाच वेळा हरवणं होतंच. अपस्माराच्या सुमारे एकतृतीयांश रोग्यांना औषधं पुरी पडत नाहीत. नीट निवडलेली, पुऱ्या मात्रेत घेतलेली दोन औषधं निकामी ठरली, तर तिसऱ्याची वाट पाहत वर्षं घालवू नयेत, मोठ्या केंद्रात तपासून घ्यावं, असं आता तज्ज्ञ सांगतात. तिथं कधीकधी शस्त्रक्रियेचा विचार होतो.

मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की आमच्या घरात जे झालं तेच तुमच्याही घरात होईल. सासूबाई देवापुढं जाऊन बसल्या. पण ही काही कालची गोष्ट नाही. वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी १९५२ सालीच फिटसाठी शस्त्रक्रिया केली होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून हे काम पद्धतशीर चालू झालं. आपल्या पुण्याच्या यशोदा वाकणकर यांनी हा आजार लहानपणापासून सोसला, शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढं अशाच रोग्यांसाठी 'संवेदना फाउंडेशन' हा आधारगट उभा केला. कॅनडात ८० रोग्यांची दोन गटांत विभागणी करून पाहिलं होतं, त्याचा अहवाल २००१ साली आला. वर्षभरानं शस्त्रक्रियेच्या गटात शंभरी ५८ जण भान हरपणाऱ्या झटक्यांतून सुटले होते. नुसत्या औषधांवर असलेल्यांत शंभरी ८.

आम्ही चौघं तिला घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेलो. डॉक्टर विचारत होते आणि उत्तरं आम्ही देत होतो. फीट किती वेळा येते? सासूबाई बोलल्या. आधी काही जाणवतं का? भाऊजी बोलले. ऑपरेशनची तयारी आहे का? "आहे ना," असं आम्ही तिघंही म्हणालो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता तुम्ही जरा थांबा. मला यांच्याकडून ऐकायचंय."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मरायची भीती नाही वाटत. पण नंतर मला मुलांची नावं आठवतील ना? आणि स्वयंपाक येईल ना?"

भाऊजी हसले. डॉक्टर नाही हसले. तिचा प्रश्न किती नेमका होता हे मला पुढं वाचनात आलं तेव्हा कळलं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या एका तरुणाच्या मेंदूचा आतला भाग फिट थांबाव्या म्हणून दोन्ही बाजूंनी काढला. फिट पुष्कळ कमी झाल्या, पण नवी आठवण राहीनाशी झाली. आत्ता भेटलेलं माणूस खोलीबाहेर जाऊन आलं की त्याला नवंच वाटायचं. २००८ साली मरेपर्यंत तो तसाच जगला. म्हणून आता एकाच बाजूला हात घालतात आणि त्याआधी स्मरणशक्तीच्या, बोलण्याच्या चाचण्या घेतात.

आणि स्वयंपाकाचं म्हणाल, तर डॉ. वाइल्डर पेनफील्ड हे या शस्त्रक्रियेतलं जगातलं मोठं नाव. त्यांच्या सख्ख्या बहिणीला फिट यायच्या. कारण निघालं कपाळामागची गाठ. १९२८ साली भावानंच तिचं ऑपरेशन केलं आणि उजव्या बाजूचा पुढचा बराचसा मेंदू काढावा लागला. बोलणं, वागणं, आठवण सगळं ठीक दिसत होतं. वर्ष-सव्वा वर्षानं तिनं भावाला जेवायला बोलावलं. घरची चार माणसं आणि हा एक पाहुणा, बेत साधाच. तयारीला अख्खा दिवस होता. जेवायच्या वेळी भाऊ पोचला तर ती ओट्याशी उभी. सामान सगळं मांडलेलं, एकदोन पदार्थ शेगडीवर, पण मांस चढवलेलंच नाही, कोशिंबीर झालेली नाही आणि ती पार गोंधळून रडकुंडीला आलेली. कुठल्याही चाचणीत न सापडलेलं त्या स्वयंपाकघरात सापडलं. भावानं ते पुढं शास्त्रीय निबंधात लिहिलं. आपण रोज आमटी उकळते तोवर कणीक तिंबतो, कुकरच्या शिट्ट्या मोजतो नि मध्येच दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करतो, त्याला मेंदूचा केवढा भाग लागतो बघा! आणि म्हणे घरी बसून काय करता.

तपासणीचे ते दिवस विलक्षण होते. डोक्यावर तारा चिकटवलेल्या, समोर कॅमेरा, औषधं मुद्दाम कमी केलेली. शेजारी आम्ही पाळीपाळीनं बटण घेऊन बसलेलो. फीट आली की दाबायचं. ती येऊ नये म्हणून ज्या सासूबाईंनी इतकी वर्षं नवस केले, त्या आता 'येऊ दे रे बाबा एकदाची' म्हणून जप करत होत्या. आली, दोनदा. एमआरआय आणि ईईजी दोघांनीही एकाच जागेकडं बोट दाखवलं.

ज्यांच्या बाबतीत असं होत नाही त्यांची कवटी उघडून मेंदूवरच तारा ठेवाव्या लागतात आणि झटक्याची वाट पाहत कित्येक दिवस तसंच पडून राहावं लागतं. विचारानं यंत्र चालवण्याचं संशोधन हल्ली पेपरात येतं ना, त्याचा मोठा भाग या कॉटांपाशी झाला आहे. निरोगी माणसाचं डोकं त्यासाठी कोण उघडणार? फिटचे रोगी कंटाळून पडलेलेच असतात, तारा बसवलेल्याच असतात. शास्त्रज्ञ विचारतात, थोडं आमचंही काम कराल का? २००४ साली अमेरिकेत अशा चौघांनी नुसत्या विचारानं पडद्यावरचा ठिपका हलवला. २००६ साली एका चौदा वर्षांच्या मुलानं हात न लावता व्हिडिओ गेम खेळून दाखवला. २०१९ साली पाच रोग्यांच्या मेंदूतल्या लहरींवरून संगणकानं वाक्यं बोलून दाखवली.

त्याचं फळ भलत्याच घरी पोचलं. कॅनडातल्या अ‍ॅन नावाच्या एका शिक्षिकेला तिशीत पक्षाघात झाला. मुलगी तेरा महिन्यांची आणि आईची वाचा गेलेली. अठरा वर्षांनी, २०२३ साली, तिच्या मेंदूवर बसवलेल्या २५३ बारीक इलेक्ट्रोडांवरून संगणकानं तिचे शब्द ओळखले, मिनिटाला ७८ च्या वेगानं. आणि आवाज कुणाचा दिला? तिचाच. लग्नात तिनं केलेल्या भाषणाची फीत घरात होती, तिच्यावरून तो बनवला. हे वाचताना मी माझ्या लग्नाची कॅसेट कुठं असेल ते आठवू लागले.

पण दुसरी बाजूही ऐका. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पंधरा फिट-रोग्यांच्या डोक्यात झटक्याची आगाऊ सूचना देणारं यंत्र बसवलं होतं. हातातल्या डबीवर निळा दिवा म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे सावध. त्यांतल्या एका बाईला ते इतकं मानवलं की आयुष्यात पहिल्यांदा ती मोकळेपणी घराबाहेर पडू लागली. ते यंत्र तिला आपलाच अवयव वाटू लागलं. मग कंपनीचा पैसा संपला आणि यंत्र काढून घ्यायचं ठरलं. नवराबायको घर गहाण टाकून ते विकत घ्यायला तयार होती, पण नाही जमलं. २०१३ साली यंत्र काढलं, सगळ्यांत शेवटी तिचंच. बसवताना तिची सही घेतली होती, यात शंका नाही. काढताना तिच्या मनाला कुणी विचारलं? शस्त्रज्ञांचं मला कौतुक आहे, पण ही गोष्ट वाचल्यापासून ते जरा बेतानंच करते.

माझ्या जावेला डॉक्टरांनी दोन दिवस विचाराला दिले होते. उजवी बाजू आहे, भाषेचं केंद्र डावीकडं दिसतंय, त्यामुळं धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही, हे तिला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तिनं तो कागद माहेरी फोनवर वाचून दाखवला, भाऊजींना दाखवला, मग सही केली.

त्याला आता तीन वर्षं झाली. मुलांची नावं तिला एकदाही चुकली नाहीत. पहिले काही महिने एखादा शब्द अडायचा, किसणीला 'ते खोबरं घासायचं' म्हणायची. औषधं अजून आहेत, तीनाची एक झाली, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच सुटणार. वर्षभर तिनं तळण मागच्या शेगडीवरच केलं आणि न्हाणीघराला आतून कडी लावली नाही. गोळ्यांची डबी आता फ्रीजवर असते, सगळ्यांना दिसेल अशी. गेल्या महिन्यात तिच्या भाचीचं लग्न ठरत होतं. त्या मुलीलाही लहानपणी फिट यायच्या. जमलेली मंडळी आतल्या खोलीत हलक्या आवाजात, सांगावं की न सांगावं याचा खल करत बसली होती. माझी जाऊ उठली, बाहेर गेली आणि भाचीलाच हाक मारली.