चहाआधीचा एक तास

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी वॉर्डात चालायला लावलं, तेव्हा वाटलं, चला, महिन्याभरात आपण पुन्हा पर्वतीवर! थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर. ‘त्यातल्या त्यात चांगला’ म्हणतात त्याला. (हे वाक्य किती जणांनी ऐकवलंय, विचारू नका.) अख्खी ग्रंथी काढली, गळ्यावर आडवी शिवण. बस्स.

पण नंतरचा फंडा कुणी सांगत नाही. थायरॉइड नसलेल्या शरीराचा स्पीड एका इवल्याशा गोळीवर ठरतो. डोस कमी पडला तर पाय शिशाचे, जास्त झाला तर बसल्या बसल्या छाती धडधडते. आणि काही पेशंट्सना तो मुद्दाम थोडा चढाच ठेवतात. उरल्यासुरल्या पेशींना टीएसएचचं खतपाणी मिळू नये म्हणून. मी त्यातलीच.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या पूर्वी मी न थांबता चढायचे, तेही फोनवर डेडलाइनवरून भांडत. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी गेले आणि निम्म्यावरच बसले. दम लागला नव्हता, पण काळीज सुसाट पळत होतं. हात आपोआप स्कार्फखाली, गळ्याशी गेला. परत आलं की काय? एक आजोबा टकाटक वर जाऊन खाली उतरले. “काय गं, अजून इथंच?” मला चक्क रडू आलं.

आईला सांगितलं नाही. दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेले. ब्लड टेस्ट झाली, डोस जरा खाली आला. एवढंच! मी मात्र तोवर मनातल्या मनात मृत्युपत्र करून मोकळी झाले होते. लॅपटॉप भावाला, पुस्तकं मैत्रिणीला.

आता टाइमटेबल गोळीच ठरवते. सकाळी ६ ला, उपाशीपोटी. पुढे तासभर चहा बंद (पुणेकराला याहून मोठी शिक्षा नाही). कॅल्शियम तर चार तासांनी. बिनचहाचा तो तास घरात काढणं अशक्य, म्हणून पर्वती. मान मागे टाकून वर बघायला अजूनही घाबरते. शिवण उसवेल असं वाटतं. उसवणार नाही, हे पक्कं माहीत असूनही.

गेल्या रविवारी ८० पायऱ्या सलग चढले. तिथं तेच आजोबा कठड्याला टेकून धापा टाकत होते. मीही शेजारी टेकले. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. मी घड्याळ पाहिलं. ७ ला दहा कमी.

“दहा मिनिटं थांबता का, आजोबा?”