बडीबी

आमच्या भाड्याच्या घरामागे दोन-अडीच गुंठ्यांचे परस आहे. त्याला तिन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचा गडगा आहे, कमरेइतका उंच. गाय-म्हैस त्याला अडते. मांजराला मात्र तो गडगा म्हणजे ऊन खाण्यासाठी मुद्दाम बांधलेला कट्टा वाटतो.

मी मूळची मिरजेची. बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर 2016 साली दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका गावात उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात रुजू झाले. शिकवते विज्ञान; मराठीच्या शिक्षकाची जागा रिकामी होती म्हणून मराठीही माझ्याकडे आले. मिरजेला आमचे घर गल्लीत. तिथे माती म्हणजे पत्र्याच्या डब्यात अम्मीने लावलेल्या पुदिन्यापुरती. त्यामुळे कोकणात आल्यावर एवढे मोठे परस मिळाले याचाच मला इतका आनंद झाला की घराचे छप्पर गळते हे मी घरमालकाला पहिला पाऊस संपेपर्यंत सांगितलेच नाही.

पाऊस ओसरला की मी वाफे करायचे. माती चाळायची, ढेकळे फोडायची, शेणखत मिसळायचे. माठाचे बी फार बारीक, ते राखेत कालवून पेरायचे. कोथिंबिरीचे धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे. मग हलक्या हाताने पाणी. हे सगळे संध्याकाळी करून झोपावे आणि सकाळी उठून पाहावे तर वाफ्यात चार खड्डे, चार उंचवटे, आणि उंचवट्याखाली काय आहे ते वासावरून कळायचे. मांजराला मोकळी, भुसभुशीत, कोरडी माती लागते. मी रोज संध्याकाळी खपून शेजारच्या मांजरांसाठी गावातला सर्वांत उत्तम संडास तयार करीत होते.

मांजरे शेजारच्या खालांची. खालांचे दोन्ही मुलगे कुवेतला, सुना-नातवंडे तिकडेच. इथे त्या, त्यांची विधवा मुलगी आणि तिचा एक मुलगा. शिवाय मांजरे पाच. कधी सात, कधी नऊ. मांजरी दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विते, तेव्हा नक्की आकडा खालांनाही सांगता येत नसे. सर्वांत थोरली एक करड्या रंगाची, एक कान फाटलेला, चालही म्हातारीसारखी सावकाश. तिचे नाव बडीबी. बाकीची पोरे गडग्यावरून उड्या मारून यायची. बडीबी आधी गडग्यावर बसून आमच्या परसाची पाहणी करायची आणि मग उतरायची.

आम्ही हनफी, खाला शाफई. त्यांची असर आमच्या आधी होते. त्यांची नमाज आटोपून त्या ओटीवर मांजरे घेऊन बसायच्या आणि मी माझ्या असरची वेळ होईतो झाडांना पाणी घालायचे. आमचे बोलणे रोज त्याच वेळी. एकदा मी तक्रार केली. त्यांनी मला हजरत अबू कतादांची हदीस सांगितली. त्यांच्यासाठी वजूचे पाणी ठेवले होते, त्यात मांजर तोंड घालू लागले, तर त्यांनी भांडे कलते करून त्याला पिऊ दिले. म्हणजे मांजर नापाक नाही, ते घरात ये-जा करणाऱ्यांपैकीच एक. हदीस मलाही ठाऊक होती. मी म्हटले, "खाला, ती हदीस उष्ट्या पाण्याची आहे. माझ्या वाफ्यात काय आहे ते तुम्ही येऊन बघा." त्या हसल्या. म्हणाल्या, "टीचर, माझे दोन पोरगे समुद्रापलीकडे जाऊन बसले, त्यांना मी अडवू शकले नाही. मांजराला गडग्यावर कशी अडवू?"

यावर काय बोलणार? मी वाफ्यांवर करवंदीच्या काटेरी फांद्या अंथरल्या. त्यांनी थोडा फरक पडला, पण निंदणी करताना काटे मलाच बोचायचे. संत्र्याच्या साली टाकल्या. त्या दोन दिवसांत वाळल्या आणि मांजरांनी त्यांवरच माती ओढली. स्टाफरूममध्ये कुणी तरी डांबरगोळ्या सुचवल्या. त्या आणल्या नाहीत हे नशीब. डांबरगोळ्या आणि फिनेल ही दोन्ही मांजराला विषासमान आहेत, त्याच्या यकृताला ती पचवता येत नाहीत, हे मला पुढे एका पशुवैद्याने सांगितले.

इथवर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती. 2017 साली चौथ्या महिन्यात माझा गर्भपात झाला. कारण कळले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यांत एक टॉक्सोप्लाझ्माची. मला तो संसर्ग पूर्वी कधी झालेला नव्हता. ही तशी चांगली बातमी; पण त्याचा दुसरा अर्थ असा की माझ्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्तीही नव्हती, आणि गरोदरपणात तो पहिल्यांदा झाला तर बाळाला धोका असतो. बाईंनी शांतपणे सांगितले: मातीत हात घालताना रबरी हातमोजे घाला, भाजी नीट धुवा, मटण पुरते शिजवून खा. एवढेच. मांजरे हाकला असे त्या म्हणाल्या नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण घरी येऊन मी नवऱ्याला जे सांगितले ते वेगळे होते.

भीती माणसाला अर्धेच ऐकू देते. मला फक्त 'मांजर' ऐकू आले. गेल्या वर्षी मी हातमोजे न घालता माठ निंदला होता. म्हणजे त्या मांजरांनीच माझे पहिले बाळ नेले असे मी मनाशी ठरवून टाकले. हाती असलेला तपासणीचा कागद नेमके उलटे सांगत होता. संसर्ग झालेलाच नव्हता, तर त्याने गर्भपात होईल कसा? आठवीच्या मुलांना मी हे समजावून सांगितले असते. स्वतःला सांगितले नाही.

सगळी मांजरे पकडणे शक्य नव्हते. तरणी पोरे हाताला लागत नाहीत. बडीबी लागली. 2018 च्या डिसेंबरमधला तो रविवार. तिला तळलेल्या बांगड्याचा तुकडा दाखवला आणि यांनी तिच्यावर गोणपाट टाकले. ती फारशी धडपडलीही नाही. मांजर दोन-चार मैलांवरून घरी परत येते असे ऐकले होते, म्हणून यांनी मोटारसायकल फेरीबोटीवर चढवली. दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. मध्ये वाशिष्ठीचे रुंद मुख आहे. मांजर कितीही हुशार असले तरी तिकीट काढून परत येणार नाही. धोपाव्याच्या धक्क्यावर गोणपाट सोडून हे परत आले आणि हात धुऊन मुकाट्याने जेवायला बसले. मीही काही विचारले नाही.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर खाला हाका मारत होत्या. "बडीबी, आ, आ." दुसऱ्या दिवशीही मारल्या. तिसऱ्या दिवसापासून बंद झाल्या.

जानेवारीत मी आठवीला निबंध दिला, 'माझा आवडता प्राणी'. हा विषय दरवर्षीचाच. उर्दू शाळेतल्या मुलांना मराठीचे तिसरे लिंग फार छळते. उर्दूत बिल्ली म्हटले की स्त्रीलिंग, प्रश्न मिटला. मराठीत ते मांजर, ती मांजर, ती मांजरी, तो बोका. मुले बिचारी वैतागून 'मांजर आला, मांजर गेली, मांजर बसले' असे सगळे एकाच परिच्छेदात घालतात, म्हणजे एक तरी बरोबर येईल. मला तो गोंधळ आवडतो, पण गुण कापावे लागतात.

खालांचा नातू त्याच वर्गात होता. त्याने बडीबीवर लिहिले होते. तो एक वर्षाचा असताना ती पिल्लू म्हणून घरी आली, तो चालायला शिकला तेव्हा तिची शेपटी धरून उभा राहायचा, ती त्याच्या दप्तरावर झोपते म्हणून त्याच्या वह्यांना केस लागलेले असतात. आणि शेवटी: मांजर म्हातारा झाला की घरच्यांना त्रास नको म्हणून लांब कुठे तरी जाऊन मरतो, असे नानी म्हणते. म्हणून आम्ही शोधला नाही.

मी 'म्हातारा' खोडून 'म्हातारे' केले, 'मरतो' खोडून 'मरते' केले, आणि दहापैकी आठ गुण दिले. लाल पेन ठेवल्यावर हात थरथरत होता.

पुढच्या रविवारी मी यांना घेऊन धोपाव्याला गेले. पाचवा महिना संपत आला होता. धक्क्यावर, चहाच्या टपरीमागे, उलट्या ठेवलेल्या होड्यांखाली पाहिले. मांजरे पुष्कळ होती. फाटक्या कानाचे एकही नव्हते.

तेव्हापासून मी त्या परजीवीबद्दल मिळेल ते वाचायला लागले. जे आधी वाचायला हवे होते ते नंतर वाचले. मांजराला हा जंतू उंदीर किंवा पाखरू खाल्ल्यावर लागतो. त्यानंतर एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो, आणि बहुधा आयुष्यात एकदाच, लहान वयात. पडल्याबरोबर तो लागत नाही. त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोजच्या रोज घाण काढून टाकली तर धोका फार कमी होतो. म्हणजे त्या पाच-सात मांजरांत माझ्या बाळाला सर्वांत कमी धोका ज्या मांजराचा, ते बारा वर्षांचे, हातात सहज येणारे मांजर मी निवडून खाडीपार केले होते. प्राण्याला उपासमार होईल असे सोडून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याच वाचनात कळले. आणि मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तर आमच्या परिपाठात दरवर्षी कोणती ना कोणती मुलगी सांगतेच. मी कोंडले नव्हते, असे मनाला सांगायचे.

2019 च्या मे महिन्यात मुलगी झाली. सुखरूप. खालांनी डिंकाचे लाडू करून आणले आणि बाळाच्या कानशिलामागे काजळाचा ठिपका लावला.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले. सकाळपासून वारा नुसता घोंघावत होता. दुपारी खालांच्या पडवीचे पत्रे उडाले. हे धावत गेले आणि त्यांना तिघांना आमच्याकडे घेऊन आले. खालांच्या हातात झाकणाची टोपली होती. दारातच थांबून त्यांनी विचारले, "टीचर, हिच्यात तीन आहेत. तुला चालेल का? बाळ आहे घरात." मी टोपली त्यांच्या हातून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

वीज नव्हती. नातू आणि त्याची आई पुढच्या खोलीत बाळाजवळ. आम्ही दोघी चुलीपाशी. बाहेर माडाच्या झावळ्या आपटत होत्या. मी सांगून टाकले. गोणपाटापासून धोपाव्यापर्यंत सगळे.

खाला मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "फेरीवर माझा पुतण्या असतो तिकिटाला. त्याने त्याच दिवशी सांगितलं होतं. काही दिवस तिथेच धक्क्यावर होती म्हणे, कोळणी मासळी टाकायच्या. त्याला म्हटलं घेऊन ये, तर तोवर दिसेनाशी झाली."

मला बोलवेना. दीड वर्ष त्या ओटीवर बसून माझ्याशी बोलत होत्या. लाडू आणले होते. मी विचारले, "मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुला काय बोलू? तुझं पहिलं गेलेलं मला ठाऊक होतं." मग आवाज उतरवून, पुढच्या खोलीकडे मान करून म्हणाल्या, "आणि पोरगा तुझ्याकडे शिकत होता. त्याला सांगितलं असतं तर उद्या तू फळ्यावर लिहिलेलं त्याने कशाला मानलं असतं?"

वादळानंतर पडवी नीट झाली. खालांच्याच सांगण्यावरून आम्ही परसाच्या कोपऱ्यात, माडाखाली, कोरड्या वाळूचा ढीग घातला आणि वाफ्यांवर काठ्या रोवून जुने मासेमारीचे जाळे ताणले. जाळ्यात पाय अडकतो म्हणून मांजरे वाफ्यात उतरत नाहीत, आणि वाळू आयती मिळाली तर त्यांनाही वाफ्याची हौस नसते. रोज सकाळी फजरनंतर मी खुरप्याने तो ढीग साफ करते. हातमोजे घालते. दोन मांजरींची शस्त्रक्रिया शहरातल्या पशुवैद्याकडून करून आणली, खर्च अर्धा-अर्धा. आता आकडा चारवर थांबला आहे आणि माठ चांगला येतो. पहिली जुडी गडग्यावरून पलीकडे जाते.

माझी मुलगी सगळ्या मांजरांना बडीबी म्हणते. हे नाव तिला कुणी शिकवले ते मी विचारलेले नाही.

खालांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्या नातवाला येते. तो आता कॉलेजात आहे, सुट्टीत घरी आला की माझ्याकडून असे अंक वाचायला नेतो, आणि परत देताना त्यातल्या व्याकरणाच्या चुका मला दाखवतो. हा अंकही नेईल.