शीनिगे प्लाट्टे ते फिर्स्ट : आल्प्समधील एका दिवसाची पायवाट

इंटरलाकेनला उतरणारे भारतीय कुटुंब बहुधा युंगफ्राउयोखला जाते. आगगाडी त्यांना थेट ३,४५४ मीटर उंचीवरच्या स्थानकात नेऊन सोडते, बर्फात छायाचित्रे निघतात आणि सायंकाळी मंडळी हॉटेलवर परततात. यात गैर काहीच नाही. मात्र अशा सहलीत डोंगर डोळ्यांना दिसतो, पायांना कळत नाही. ज्यांना तो पायांनीही अनुभवायचा आहे त्यांच्यासाठी त्याच शिखरांच्या समोरच्या बाजूने एक जुनी, प्रसिद्ध वाट जाते. शीनिगे प्लाट्टे येथून निघून फाउलहॉर्न शिखरावरून फिर्स्टपर्यंत पोहोचणारी ही वाट सुमारे १६ किलोमीटरची आहे.

ज्या घरांतून पहाटे दोन-तीनला निघून सम्मेद शिखरजीची २७ किलोमीटरची वंदना पायी केली जाते, त्या घरांना सोळा किलोमीटरचे भय वाटण्याचे कारण नाही. अडचण अंतराची नसून वेळेची आहे. शिखरजीवर दमलेल्या यात्रेकरूला डोली मिळते. येथे मधल्या पाच-सहा तासांत डोली नाही, मोटार नाही. वाटेच्या एका टोकाला आगगाडी व दुसऱ्या टोकाला दोरमार्ग आहे, आणि दोन्ही ठरलेल्या वेळी बंद होतात. म्हणून या दिवसाचा बेत सकाळपासून पुढे आखण्यापेक्षा शेवटच्या पाळण्याच्या वेळेपासून मागे मोजत आखावा लागतो.

त्याआधी महिना ठरला पाहिजे. आपल्याकडे शाळांच्या सुटीमुळे स्वित्झर्लंडची तिकिटे मे महिन्याची निघतात. त्या वेळी ही वाट बर्फाखाली असते आणि शीनिगे प्लाट्टेची गाडी सुरूही झालेली नसते; ती साधारण जूनमध्ये चालू होऊन ऑक्टोबरच्या अखेरीस थांबते. वरचा टप्पा मोकळा व्हायला जुलै उजाडतो. तोवर आषाढ येतो, पुढे चातुर्मास आणि भाद्रपदातील पर्वाचे दिवस. चातुर्मासात दूरचा प्रवास टाळणाऱ्या घरांनी पंचांग पाहावे : ज्या वर्षी आषाढी चतुर्दशी जुलैच्या उत्तरार्धात येते, त्या वर्षी महिन्याचा पहिला पंधरवडा मोकळा सापडतो. मे महिन्याचे तिकीट हाती असणाऱ्यांनी हा बेत मनातून काढून टाकावा व दरीतल्या वाटा चालाव्यात. बर्फ झाकलेल्या कड्यावर हौस भागवू नये.

आता दिवसाचा हिशेब. विल्डर्सविल (५८४ मीटर) येथून दातेरी रुळांवरची गाडी सुटते. १८९३ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग सव्वासात किलोमीटरांचा असून तो चढायला गाडीला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. वरचे स्थानक १,९६७ मीटरवर आहे. म्हणजे चालायला आरंभ होण्यापूर्वीच मंडळी कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर उंच आलेली असतात. सकाळची पहिली गाडी धरली तर साडेआठच्या सुमारास पावले वाटेला लागतात. पिवळ्या फलकांवर फिर्स्टपर्यंतचा काळ सुमारे सहा तास असा असतो. नवखे येथेच चुकतात. फलकावरचा काळ अखंड चालण्याचा असतो. त्यात न्याहारी नाही, छायाचित्रे नाहीत, मुलाच्या बुटाची नाडी नाही. घरातल्या मंडळींनी त्यात किमान दोन तास मिळवावेत. साडेआठ अधिक आठ, म्हणजे साडेचार. दोरमार्गाची शेवटची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. ती आदल्या दिवशी पाहून कागदावर लिहून ठेवावी. ती चुकली तर ग्रिन्डेलवाल्डपर्यंत आणखी अकराशे मीटरांची उतरण दमलेल्या गुडघ्यांनी उतरावी लागते.

वाट मात्र या साऱ्या मोजमापाचे सार्थक करणारी आहे. पहिल्या तासाभरात डाव्या हाताला खोल खाली ब्रिएन्झचे निळे-हिरवे सरोवर, उजव्या हाताला आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे. वाट पांढऱ्या-तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांनी खुणावलेली असते; त्याचा अर्थ ही डोंगरवाट आहे, सपाट फिरण्याची वाट नव्हे. चुनखडीचे दगड पावसात विलक्षण निसरडे होतात. पुढे कड्यांच्या कुशीत झेगिसटाल नावाचे एकाकी तळे दिसते. त्यातून एकही ओढा बाहेर पडताना दिसत नाही, कारण त्याचे पाणी जमिनीखालून झिरपून जाते. या वाटेवर पाणी का सापडत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे. जिथे ओहोळ आहेत तिथे वर गाई चरत असतात. त्यामुळे पाणी माणशी दोन लिटर सकाळीच उकळून, गाळून बरोबर घ्यावे. गाईंविषयी एक सावधगिरी : वासरू जवळ असलेली गाय तिकडे शांत राहीलच असे नाही. हात जोडावेत, पण दुरून.

अडीच-पावणेतीन तासांनी मेंड्लेनेन येथे खिंडीतले दगडी विश्रामगृह येते (२,३४४ मीटर). दिवसाचा खरा निर्णय येथे होतो. पुढे फाउलहॉर्नचा चढ आणि उघडा माथा आहे. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर ढग दाटून वीज कोसळणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि उघड्या धारेवर विजेपासून आडोसा नसतो. साडेबारापर्यंत मेंड्लेनेन गाठले नाही, किंवा ढग फुलकोबीसारखे वर चढू लागले, तर आल्या वाटेने परत फिरायचे, असे आदल्या रात्रीच ठरलेले असावे. तो शब्द कोणी उच्चारायचा हेही ठरावे. घरात सहसा वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो. पण ते या वाटेवर नसतील, आणि तरुणांपैकी कोणालाच सर्वांचा विरस करणारा व्हायचे नसते. पडून राहिलेल्या मालात आणखी भांडवल घालू नये, हे पेढीवरच्या नव्या मुलालाही कळते. डोंगरावर मात्र त्याच घरातल्या जाणत्या माणसाला तिकिटाचे पैसे आठवतात आणि पाऊल पुढे पडते. वेळ आलीच तर स्वित्झर्लंडच्या हवाई बचाव सेवेचा क्रमांक १४१४ आहे. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

शिदोरीचा विचार स्वतंत्र करावा लागतो. डोंगरावरच्या उपाहारगृहात शाकाहारी म्हणून जे पुढे येते ते बहुधा बटाट्याचे असते, आणि तिथले पारंपरिक चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. म्हणून खाकरे, भाजके चणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, सुका मेवा हे घरूनच न्यावे. दुधाचे पेढे-बर्फी मात्र नेऊ नयेत. भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. बुटांबाबतही दुकानात विचारून घ्यावे. डोंगराचे चांगले बूट चामड्याचेच असतात हा समज आता जुना झाला; कृत्रिम कापडाचे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट सहज मिळतात. पिसांऐवजी कृत्रिम तंतू भरलेली जाकिटेही मिळतात. ती जुलैतही हवीत, कारण माथ्यावरची हवा दरीपेक्षा दहा-बारा अंशांनी थंड असते.

फाउलहॉर्नची उंची २,६८१ मीटर, म्हणजे दक्षिण भारतातील सर्वोच्च अनामुडीपेक्षा अवघी चौदा मीटर कमी. माथ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हॉटेल आहे. आल्प्समधील सर्वांत जुन्या गिरिनिवासांत त्याची गणना होते. तेथून वाट उतरत बाखआल्पझे सरोवराशी येते.

आजी-आजोबांची भेट येथेच ठरवावी. त्यांनी ग्रिन्डेलवाल्डहून पाळण्याने फिर्स्टला यावे आणि तासाभराच्या सोप्या, रुंद वाटेने सरोवरापर्यंत चालावे. वारा पडला असेल तर पाण्यात श्रेकहॉर्न आणि फिन्स्टरआरहॉर्न उलटी दिसतात. तरुण मंडळी साडेतीनपर्यंत आली नाहीत तर वाट पाहत बसू नये, फिर्स्टला परतावे, हेही सकाळी सांगून ठेवावे. अन्यथा काळजीपोटी दोन्ही पिढ्यांचा शेवटचा पाळणा चुकतो. सारे जमून आले तर पाचच्या सुमारास कुटुंब एकत्र खाली उतरते. जुलैच्या आरंभी तिथे सूर्यास्त रात्री सव्वानऊनंतर असतो, त्यामुळे स्नान करून, खोलीत खिचडी रांधून निवांत जेवायला चार तास उरतात. ऊन मात्र पश्चिमेच्या डोंगरांआड त्याआधीच जाते, आणि जेवण आटोपायचे ते घड्याळ पाहून की डोंगर पाहून, यावर आजोबा व नातवंडांची थोडी चर्चा होते.