पॅडामागचा रंग

जुन्या गाडीचा मूळ रंग सांगणारे चार साक्षीदार असतात: मालकाची आठवण, अल्बममधला फोटो, आरसी बुक आणि खुद्द पत्रा. पहिल्या तिघांवर माझा फारसा विश्वास नाही. चौथाही सरळ बोलत नाही, पण निदान त्याची उलटतपासणी घेता येते.

गाडी रंगवणं हे माझं काम नव्हे. ती डेंटिंगला जाण्याआधी तिच्यावर कारखान्यातून कोणता रंग आला होता याची नोंद करायची, हे माझं काम. गाड्याही राजेरजवाड्यांच्या क्वचितच असतात. बहुतेक फियाट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या: 1964 ची अकराशे डिलाइट, आणि 1974 पासून तीच गाडी जिला आपण प्रीमियर पद्मिनी म्हणू लागलो ती.

आधी आठवणीचं बघू. ‘आमच्या अण्णांची गाडी आकाशी होती हो,’ असं तीन भावंडं सांगतात आणि तिघांचं आकाश वेगळं असतं. त्यात त्यांचा दोष नाही. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नंबर लागला की मिळेल त्या रंगाची गाडी लोक आनंदाने घरी आणत. शेडचं नाव विचारायला सवड होती कुणाला? आरसी बुकात रंगाच्या रकान्यात नुसतं ‘ब्लू’ किंवा ‘क्रीम’. फोटो तर पुराव्याचा आव आणून फसवतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंगद्रव्याचा थर पुष्कळदा आधी उडतो आणि सगळा फोटो तांबूस होत जातो. त्यातली क्रीम गाडी आज गुलाबी दिसते. त्याहून जुन्या कृष्णधवल फोटोंत ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असेल तर लाल गाडी काळी दिसते आणि निळी पांढुरकी.

राहिला पत्रा. इटलीत बनलेल्या त्या काळच्या फियाटमध्ये डिकीच्या झाकणाला आतून रंगाचं नाव आणि क्रमांक छापलेली चिठ्ठी सापडते. अमेरिकन शेवरलेटच्या बॉनेटखाली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर रंगाचा क्रमांक ठोकलेला. माझ्या हाताखालून गेलेल्या कुर्ल्याच्या गाड्यांत असं आयतं काही मिळालेलं नाही. म्हणून दरवाज्याचं पॅड काढायचं, उंबऱ्यावरची पट्टी सोडवायची, मागच्या दिव्याचं रबर उचलायचं, डिकीतला पुठ्ठा बाजूला करायचा. रंगारी जिथे हात घालायचा कंटाळा करतो, त्या जागा माझ्या. गाडी चार वेळा रंगली असली तरी पॅडामागे पहिला हात बहुधा शाबूत असतो. रंगाऱ्यांच्या आळसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

बाहेरच्या पत्र्यावर मात्र थर उलगडावे लागतात. नाण्याएवढी जागा घ्यायची, पाणी लावत बारीक पॉलिश पेपर गोल फिरवायचा. मधे उघडा पत्रा दिसला की थांबायचं. मग त्याच्याभोवती एकाबाहेर एक कड्या दिसतात: प्रायमर, त्यावरचा करडा थर, मग पहिला रंग, मग पुढच्या मालकांच्या हौशी. मधेच लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड पिवळट पट्टा आला तर समजायचं, इथे गाडी ठोकली गेली होती. मग ती जागा सोडून दुसरी शोधायची, कारण लांबीच्या वरचं काहीच कारखान्याचं नसतं. अशा कड्या टॅक्सीवर बघाव्यात. काळ्या थराखाली एखाद्या कुटुंबाचा फिकट हिरवा निघतो आणि गाडीचं पहिलं आयुष्य कळतं. कोरडं घासणं टाळायचं, कारण जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिशाचा क्रोमेट सर्रास असे आणि ती धूळ छातीत जायला नको.

पहिला थर सापडला म्हणजे रंग सापडला, असं मात्र नाही. खरी गंमत इथूनच सुरू होते. प्रत्येक जागा आपापल्या परीने खोटं बोलते. छतावरचा रंग उन्हाने उडालेला, हे कुणीही ओळखेल. पण पॅडामागे कधी ऊन लागलं नाही, म्हणजे तिथला रंग जसाच्या तसा, हा समज पक्का चुकीचा आहे. अल्कीड एनॅमल अंधारात पिवळं पडतं. फिकट रंगांत हे फार जाणवतं: पांढरा क्रीम होतो, क्रीम लोण्याकडे झुकतो, फिकट निळ्यात हिरवट झाक येते. शिवाय आतल्या भागावर कारखान्यातही स्प्रेचा हात ओझरताच फिरलेला असतो. थर पातळ, खालचा प्रायमर डोकावतो आणि रंग मूळच्यापेक्षा मळकट वाटतो. मग दिव्याच्या रबराखालची जागा? तिथे बाहेरचा पूर्ण जाडीचा थर असतो आणि तो झाकलेलाही असतो, म्हणून मला ती सर्वांत आवडते. पण रबरातली द्रव्यं रंगात उतरून कडेला तपकिरी डाग पाडतात. आणि बॉनेटच्या आतला भाग इंजिनाच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने काळवंडलेला, त्याला तर मी विचारतच नाही.

म्हणून एका जागेचं मोजमाप मी कधीच देत नाही. निदान दिव्याखालचं, पॅडामागचं आणि कड्यांतलं, अशी तीन मोजमापं शेजारी शेजारी ठेवायची आणि कोणती जागा कोणत्या दिशेने ढळली असेल, ते लिहायचं. मोजण्याआधी जागा साफ करायची: आधी साबणाचं पाणी, मग मऊ सुती फडक्यावर थोडं पॉलिश. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, हे लगेच कळतं. कोपऱ्यात थिनरचा बोळा टेकवून रंग विरघळला तर नायट्रोसेल्युलोज लॅकर, नाही विरघळला तर एनॅमल असण्याची शक्यता जास्त. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर. तो 1976 साली ठरलेल्या एल-ए-बी पद्धतीने तीन आकडे देतो. आकडे मला हवेत, पण त्यांचा रुबाब नको. यंत्र आजच्या थराचा रंग सांगतं, 1964 चा नव्हे. त्या दोहोंमधलं अंतर माणसालाच जोखावं लागतं.

गॅरेजवाल्यांना हा सगळा खटाटोप वाटतो. ‘साहेब, शेड सांगा, जुळवायचं काम माझं,’ असं मिस्त्री म्हणतो आणि तो खरंच जुळवतो. डोळ्याने टिंटर घालत, काडीवर थेंब बघत त्याने जुळवलेली शेड कधीकधी दुकानातल्या संगणकापेक्षा सरस असते. अडचण उजेडाची. गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड रस्त्यावर नेली की दरवाजा वेगळा आणि मडगार्ड वेगळं दिसतं, कारण जुन्या रंगातली रंगद्रव्यं आणि आजची रंगद्रव्यं एकच नाहीत. म्हणून नमुना बाहेर, सावलीत, भर दुपारी बघावा. हे मिस्त्रीला पटतं. न पटणारी गोष्ट चकाकीची आहे. साठ सालच्या फियाटवर आजचा पॉलियुरेथेन आणि वर क्लिअर कोट मारला की ती ओली दिसते. शेड अचूक असूनही गाडी खोटी वाटते. माझं मत विचाराल तर शेड थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल, चकाकी मात्र त्या काळची हवी.

विदेशी गाड्यांची शेड कार्डं आता विकत मिळतात, पण तिथेही ‘कारखान्याचा रंग’ म्हणताना जपून. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग जहाजाने येत आणि गाडी इथे उभी राही. अशा शेवरलेटला अमेरिकेतलं कार्ड जसंच्या तसं लागू पडेल, असं गृहीत धरून कसं चालेल? तिच्याही दिव्याचं रबर उचलावंच लागतं.

2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका आणली. चांगलं झालं. तरी मूळ स्वरूप म्हटलं की लोक चॅसी नंबर बघतात, इंजिन नंबर बघतात. रंगाचं मला अजून कुणी निरीक्षकाने विचारलेलं नाही. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. भंगारात गेलेल्या त्या गाड्यांसोबत त्यांचे थरही गेले. मॉडेल टीच्या रंगांवर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद घालणारे लोक आहेत. आपल्या फियाटवर वाद घालायलासुद्धा पुरेशा नोंदी नाहीत.

तेव्हा घरात वडिलांची जुनी फियाट उभी असेल आणि ती यंदा रंगाला द्यायची असेल, तर एवढं करा. पत्र्यावर पेपर लागण्याआधी पॅड काढून, दिवे काढून सावलीत फोटो घ्या. पॅडामागे तळहाताएवढी जागा मास्किंग टेप लावून तशीच सोडायला मिस्त्रीला बजावा आणि ती कुठे आहे ते कागदावर लिहून आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा. पुढे ज्याच्या हाती गाडी जाईल, त्याला तेवढं पुरेल.