पणजोबा स्वतःचेच पणतू

मागच्या महिन्यात नातू जळगावला आला होता. म्हणाला, "आजी, तुझी ती वंशावळीची वही दे, आपण तिचं चित्र काढू." 'ग्राफविझ' म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेत एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं, फुकट मिळतं. त्याने पायथॉनच्या चार ओळी लिहून दिल्या. मी फक्त एका ओळीत दोन नावं टाइप करायची, आधी आईचं किंवा बापाचं, मग मुलाचं. बाण तो काढतो. कोणाला कुठे बसवलं म्हणजे रेघांचा गुंता कमी होईल हेही तोच बघतो. (मी इतिहास शिकवायचे तेव्हा भोसले घराण्याची वंशावळ फळ्यावर काढताना कोल्हापूरच्या गादीपर्यंत आलं की फळाच संपायचा!)

पहिल्यांदा नावांच्या जागी नुसते चौकोन आले. मराठी फाँटचं नाव घातल्यावर अक्षरं उमटली आणि पाहते तर काय, पणजोबांपासून निघालेला बाण तीन पिढ्या खाली जाऊन पुन्हा पणजोबांकडेच! आपल्यात पणजोबांचं नाव पणतवाला ठेवतात ना. त्या बिचाऱ्याला एक नाव म्हणजे एकच माणूस. शिवाजी महाराजांचे चिरंजीव राजाराम, त्यांचा मुलगा पुन्हा शिवाजी. फळ्यावर आम्ही 'दुसरे' लिहून मोकळे व्हायचो. इथे प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि नाव नुसतं वर दिसायला लिहायचं.

तेवढं केलं, तरी चित्राचे दोन तुकडे राहिलेच. एक धुळ्याचा, माझ्या माहेरचा. दुसरा जळगावचा. मध्ये एकही बाण नाही. धुळ्याच्या तुकड्यात एक मुलगी, तिच्याखाली कोणी नाही. जळगावच्या तुकड्यात एक सून, तिच्यावर कोणी नाही. दोन्ही मीच.

१९७४ साली लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. तेव्हा मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? पण बी.ए.चं सर्टिफिकेट पुणे विद्यापीठाचं (जळगावचं विद्यापीठ १९९० साली झालं), त्यावर जुनं नाव. सर्व्हिस बुकात नवं. पेन्शनच्या वेळी ह्या दोघी एकच, हे सिद्ध करायला किती खेटे घातले ते घरच्यांना ठाऊक आहे. नातवाने मात्र दोघींना एकच क्रमांक दिला आणि झालं! दोन्ही तुकडे जुळले. त्या चौकटीत आता माझी दोन्ही नावं आहेत.

मग काकू, जावा, आत्या, सगळ्यांची तशीच दोन दोन नावं भरायला बसले. मायपाशी येऊन थांबले. धुळ्याला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आक्का, मी तर तुलाच विचारणार होतो."

मामा तर कोणी उरले नाहीत. अमळनेरची मावशी बरीच थकली आहे, पण तिला आठवत असेल. ह्या रविवारी जाऊन येते. तुमच्यापैकी कोणाला मायचं माहेरचं नाव माहीत असेल तर त्याआधी फोन करा.