खड्ड्यातले सूर

आपल्या संगीत नाटकातले ऑर्गन आणि तबला सर्वांच्या ओळखीचे. बालगंधर्वांच्या नाटकांत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा असत. साथीला दोन-चार माणसे पुरत. युरोपातील ऑपेराला मात्र कधी ऐंशी-नव्वद वादक लागतात. ते सारे रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात. त्याला ‘पिट’ म्हणतात. जर्मनीतील बायरॉइटला वाग्नरने १८७६ मध्ये नाट्यगृह उघडले, तेव्हा त्याने हा खड्डा पायरीपायरीने रंगमंचाखाली नेला आणि वर आच्छादन घातले. वादक दिसू नयेत, सूर एकजीव होऊन यावेत, हा हेतू. तो साधला. पण आत कोंडलेला आवाज आधी वादकांच्याच कानांवर आदळतो!

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. ‘ध्वनी’चा धडा घेताना मुलांना सांगते, तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांप्रमाणे कामाच्या दिवसाची सरासरी ८५ डेसिबलवर गेली की कामगाराचे कान जपणे मालकावर बंधनकारक आहे.

२०१२ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वाग्नरच्याच ‘डी वाल्क्युरे’ची तालीम होती. पितळी वाद्ये एकत्र बसवलेली. त्यांच्या पुढ्यातच एक व्हायोलावादक. सरासरी आवाज ९१ डेसिबलच्या पुढे गेला आणि त्याचे कान कायमचे अधू झाले. स्वयंपाक करतानाही कानांवर संरक्षक चढवायची वेळ आली. हा गोंगाट नव्हे, कलाच आहे, असा संस्थेचा युक्तिवाद होता. २०१८ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. २०१९ मध्ये अपिलातही संस्थेची जबाबदारी कायम राहिली. तालमीनंतर तक्रार झाल्यावर बैठक बदलली आणि आवाज कमी झाला. जे नंतर जमले, ते आधी का जमू नये?

हा प्रश्न मला जवळचा वाटतो. माझे अब्बा मालेगावात यंत्रमागावर होते. घरात आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. कानाच्या आतल्या नाजूक पेशींना वाग्नर आणि यंत्रमाग यांतला फरक कळत नाही. एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कला कितीही थोर असो, तिच्यासाठी राबणाराही अखेर कामगारच. लंडनच्या वादकाला दाद मागता आली, याचे मला समाधान आहे. अब्बांच्या कारखान्यात दाद मागता येते, हेच कुणाला ठाऊक नव्हते.