ठमीचे पाय

गिनीपिगाचे तळपाय कोणी मुद्दाम उलटून पाहत नाही. पाहुण्यांचे लक्ष जाते ते त्याच्या गुबगुबीत अंगाकडे आणि सारख्या हलणाऱ्या नाकाकडे. वस्तुतः या प्राण्याचे सारे दुबळेपण त्याच्या पायांत आहे. पुढच्या पायांना चार आणि मागच्यांना तीन बोटे, आणि तळवा म्हणाल तर तान्ह्या बाळाच्या तळहातासारखा उघडा व नाजूक. किलोभर वजनाचा देह जन्मभर त्या चार तळव्यांवर तोललेला असतो.

हा जन्म साधारणपणे पाच ते सात वर्षांचा. आमच्या नातीने आणलेली ठमी गेल्या पावसाळ्यात सहा वर्षांची झाली, म्हणजे आजीबाईच म्हणायची. म्हातारपणी माणूस जसा आपली खुर्ची धरून बसतो, तसा तिने पेटीतला एकच कोपरा धरला. माळव्यातील श्रावणात वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस दमट राहतात. तेथे त्या कोपऱ्याची काय कथा! एके दिवशी कोथिंबिरीच्या जुडीची सळसळ ऐकूनही ती जागची हलली नाही, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तिला उचलून पालथी केली. मागचे दोन्ही तळवे लालभडक, सुजलेले. डाव्या टाचेवर काळी खपली आणि तिच्याभोवती पू. हा प्राणी मूळचा शिकार होणाऱ्यांपैकी असल्यामुळे दुखणे लपविण्यात पटाईत असतो. त्याने जेवणाकडे पाठ फिरविली, म्हणजे दुखणे पुष्कळच पुढे गेलेले असते.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी आम्हांस हिशेब करून दाखविला, की औषधपाण्याच्या खर्चात असे चार नवे प्राणी येतील. हिशेब बरोबर होता. परंतु ठमी चार नव्हत्या, एकच होती, आणि तिला दुखत होते. औषधांच्या एका दुकानदाराने तर लहान मुलांना देतात ते गोड अ‍ॅमॉक्सिसिलिन पुढे केले. येथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण या लेखातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन या जातीची औषधे गिनीपिगाच्या पोटात गेली, की त्याच्या आतड्यांतील उपकारक जंतू मरतात, त्यांच्या जागी विषारी जंतू माजतात आणि पायाचे दुखणे राहते बाजूला, प्राणी काही दिवसांत दगावतो. माणसास जे अमृत, ते येथे विष. म्हणून घरातल्या औषधांच्या डब्यास हात न लावता ठमीस टोपलीत घालून आम्ही पशुवैद्य बाईंकडे गेलो.

बाईंनी प्रथम क्ष-किरण चित्र काढावयास सांगितले. पायातील पू हाडापर्यंत पोचला असेल, तर बरे होण्याची आशा फार थोडी उरते. वेदना आवरेनाशा झाल्या तर तिला शांतपणे निरोप देण्याचा विचार करावा लागेल, हे त्यांनी नातीसमोरच, पण फार मायेने सांगितले. चित्र हाती येईपर्यंतचा तो अर्धा तास आम्ही कोणी कोणाशी बोललो नाही. सुदैवाने हाडे स्वच्छ होती.

मग सुरू झाली ती चाकरी. एन्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब आणि वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, दोन्ही वजनावर मोजून दिलेली. रोज पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून त्यात पाय धुवावयाचे आणि मऊ कापडाने टिपून बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे करावयाचे. खपली ओढावयाची नाही. पू दाबावयाचा नाही. या प्राण्याचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, तो दाबून बाहेर येत नाही, उलट आत पसरतो. आमच्या मातोश्रींनी हळद सुचविली. हळदीबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण तिने तळवा पिवळा झाला, की आतली लाली वाढली की ओसरली, हे कळावे कसे? शिवाय पायास लावलेले सारे चाटून पोटात जाते. मातोश्रींस हे पटले, किंवा पटल्यासारखे त्यांनी दाखविले.

मात्र आमच्या अनुभवास आले ते असे, की निम्मे औषध बाटलीत आणि निम्मे अंथरुणात असते. गोधडी मऊ खरी, पण ती ओल धरून ठेवते. म्हणून खाली जुने टॉवेल आणि वर लोकरीसारखे मऊ, पाणी खाली झिरपू देणारे कृत्रिम धाग्याचे कापड, अशी बिछायत केली आणि ती सकाळ-संध्याकाळ बदलली. लाकडाचा भुसा अजिबात नको; तारेची जाळी तर शत्रूच्याही पायाखाली नको. वाढलेली नखे पाय वाकडा टाकावयास लावतात, ती बाईंनी कापून दिली.

आणखी एक गोष्ट आहाराची. माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही क जीवनसत्त्व शरीरात बनविता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही झालेली दाखविली, तेव्हापासून या रोगाच्या अभ्यासाला दिशा मिळाली. हे जीवनसत्त्व कमी पडले, की जखम भरून येत नाही. निरोगी प्राण्यास किलोमागे रोज १० मिलिग्रॅम पुरते, आजाऱ्यास ३० पर्यंत लागते. पाण्यात कालवलेले ते लवकर निकामी होते. म्हणून सिमला मिरची, कोथिंबीर आणि पेरूची एखादी फोड. गवत तर अखंड हवेच. दिवसभर काही खाल्ले नाही, तर याची आतडीच थांबतात. पहिल्या आठवड्यात सौभाग्यवती गवताच्या गोळ्या भिजवून, बिनसुईच्या पिचकारीने तिला भरवीत होत्या.

स्वयंपाकघरातील तराजूवर तिचे वजन ९४० ग्रॅमवरून ८६० वर आले होते. तिसऱ्या आठवड्यात ते ८८० झाले, आणि परीक्षेचा निकाल कळविताना जसा आवाज चढतो, तसा नातीचा आवाज चढला. उजवा पाय सहा आठवड्यांत मिटला. डाव्याला अडीच महिने लागले; त्याची टाच आता जाड झाली आहे आणि ती पूर्ववत होणार नाही, असे बाई म्हणतात. दर रविवारी वजन आणि रोज रात्री दिव्याखाली तळव्यांची तपासणी, हा क्रम चालू आहे. ठमीला तो मुळीच आवडत नाही. तपासणी आटोपली, की ती आमच्याकडे पाठ करून बसते. मात्र कोथिंबिरीची जुडी सुटल्याचा आवाज आला, की थोडी लंगडत, पण सर्वांच्या आधी दाराशी येते.